पडला की पाडले? मोटारसायकल शर्यतींतील नियमांची भाषा आणि स्वारांचे वर्तन

आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या ग्रां प्री नियमावलीत कलम १.२१.२ म्हणून जो नियम आहे, त्याचा गाभा एका वाक्याचा आहे. स्वारांनी जबाबदारीने, म्हणजे इतर स्पर्धकांस अथवा सहभागी व्यक्तींस धोका उत्पन्न होणार नाही अशा रीतीने वाहन चालवावे, असा त्याचा आशय आहे. याच नियमावलीत इंजिनाचे आकारमान, इंधनाचे प्रमाण, वाहनाचे किमान वजन इत्यादी गोष्टी अपूर्णांकापर्यंत मोजून दिलेल्या आहेत. परंतु स्वाराच्या वर्तनाचा प्रश्न येताच नियमकर्त्यांनी मोजमाप सोडून एका क्रियाविशेषणाचा आश्रय घेतला आहे. गेल्या दोन दशकांत या खेळात जे मोठे कलह झाले, ते बहुतांशी या एका शब्दाच्या अर्थावरून झाले. शब्दार्थाच्या अभ्यासकाने या क्रीडाक्षेत्राकडे लक्ष द्यावे याला हे कारण पुरेसे आहे.

आपल्याकडील रस्त्यांवरच्या कायद्याशी तुलना केली असता या शब्दाची अडचण स्पष्ट होते. भारतीय दंड संहितेचे कलम २७९, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, यांना अनुसरून पोलिसांच्या फिर्यादींतून एक ठरीव शब्दसंहती रूढ झाली आहे : ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात’. येथे भरधाव वेग हा स्वतःच अविचाराचा पुरावा मानला जातो. शर्यतीत मात्र वेग हाच धर्म आहे. ताशी ३५० किलोमीटरहून अधिक वेगाने येऊन, वळणाच्या तोंडाशी शक्य तितक्या उशिरा ब्रेक लावून, साठ अंशांहून अधिक कलत वळण घेणे हे तेथे नैपुण्य समजले जाते. सर्वसामान्य अर्थाने ‘बेजबाबदार’ असलेली प्रत्येक कृती जेथे खेळाचे अंग आहे, तेथे ‘जबाबदारीने’ या शब्दाला रोजच्या व्यवहारातील अर्थ लावून चालत नाही. आणि नवा अर्थ तर नियमावलीत कोठेही दिलेला नाही.

मागे टाकणे ही क्रिया नेमकी कशी घडते हे पाहिल्यावाचून हा प्रश्न उलगडणार नाही. प्रत्येक वळणाला सर्वाधिक वेग राखता येईल अशी एक वाट असते. स्वार तिला नुसते ‘रेषा’ म्हणतात. ही रेषा बाहेरच्या कडेपासून निघून वळणाच्या आतल्या टोकाला स्पर्श करते व पुन्हा बाहेर जाते. तीवरून एका वेळी एकच वाहन जाऊ शकते. मागील स्वाराला पुढे जायचे असेल, तर तो बहुधा आतल्या बाजूने उशिरा ब्रेक लावून शिरतो आणि पुढील स्वाराच्या रेषेवर आपले वाहन आणून ठेवतो. तेथे त्या दुसऱ्याने वाहन सरळ करून वाट दिली तर मागे टाकणे ‘स्वच्छ’ झाले असे म्हणतात. वाट दिली नाही तर स्पर्श होतो. कलत्या मोटारसायकलीचा जमिनीशी संबंध टायरच्या अगदी लहानशा भागापुरता उरलेला असल्यामुळे मोटारगाडीला जो धक्का जाणवणारही नाही, तो स्वाराला पाडण्यास पुरतो. तात्पर्य, एका स्वाराने दुसऱ्याची वाट अडविणे हा या खेळातला अपवाद नसून त्याचा नित्यक्रम आहे. प्रश्न केवळ प्रमाणाचा, आणि कधी कधी हेतूचा, असतो.

येथे मराठीचे व्याकरण उपयोगी पडते. दोन स्वार एकमेकांस लागले व एक जमिनीवर आला, ही एकच घटना मराठीत निदान चार प्रकारे सांगता येते. ‘मार्केझ पडला’, ‘रॉसीमुळे मार्केझ पडला’, ‘रॉसीच्या हातून अपघात घडला’, ‘रॉसीने मार्केझला पाडले’. पहिल्या वाक्यात कर्तृत्वाचा मागमूस नाही. दुसऱ्यात कारण आहे पण कर्ता नाही. तिसरे वाक्य विशेष लक्षणीय आहे : ‘च्या हातून’ या रचनेने कृती एखाद्या व्यक्तीकडे जाते, पण ती तिच्या इच्छेविरुद्ध घडल्याचेही त्याच वेळी सुचविले जाते. म्हणूनच ‘माझ्या हातून कप फुटला’ हे वाक्य कबुली आणि क्षमायाचना ही दोन्ही कामे एकदम करते. चौथ्या वाक्यातील ‘पाडणे’ हे ‘पडणे’चे प्रयोजक रूप. त्याने कर्ता उघडा पडतो. हेतू मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाही, कारण वाराही झाड पाडतो. हेतू सांगावयाचा झाला तर ‘मुद्दाम’, ‘जाणूनबुजून’, ‘हेतुपुरस्सर’ असा एखादा शब्द जोडावाच लागतो. शर्यतीच्या पंचांना दर रविवारी या पायऱ्यांपैकी एक निवडावी लागते. इंग्रजीत त्यांनी पहिल्या पायरीसाठी एक पारिभाषिक नाम बनविले असून त्याचा भावार्थ ‘शर्यतीतील प्रसंग’ असा होतो. नामात कर्ता लागत नाही, ही त्याची मोठी सोय!

जुन्या काळी ‘स्वाराचे वर्तन’ या शब्दांनी वेगळाच बोध होत असे, हेही येथे नोंदले पाहिजे. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती १९४९ साली सुरू झाल्या. पुढे १९५५ साली हॉलंडमधील आसेन येथे खाजगी स्वारांनी हजेरीचे मानधन अपुरे असल्याच्या निषेधार्थ ३५० सीसी गटाच्या शर्यतीतून एका फेरीनंतर अंग काढून घेतले. त्यांना पाठिंबा देणाऱ्या जेफ ड्यूक याच्यासह अनेकांना महासंघाने १९५६ च्या आरंभापासून सहा महिन्यांसाठी निलंबित केले. त्या वेळी गैरवर्तन म्हणजे संयोजकांविरुद्ध वर्तन. १९६८ चा प्रसंग त्याहून बोधप्रद आहे. यामाहा संघातील फिल रीड याने १२५ सीसीचे व बिल आयव्ही याने २५० सीसीचे विजेतेपद घ्यावे अशी संघाची योजना होती. रीडने १२५ सीसीचे विजेतेपद मिळविले आणि मग आदेश झुगारून २५० सीसीसाठीही झुंज दिली. दोघांचे गुण समान झाले, तेव्हा शर्यतींतील एकत्रित वेळ पाहून ते विजेतेपदही रीडला देण्यात आले. नियमपुस्तकाच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकले नव्हते. सोबत्याच्या दृष्टीने मात्र त्याने दिलेला शब्द मोडला होता. लिखित नियम व अलिखित संकेत यांतील ही फट या खेळातल्या प्रत्येक वैराचे मूळ आहे असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

या फटीचे स्वरूप एच. एल. ए. हार्ट याने १९६१ साली ‘द कॉन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथात विशद केले आहे. ‘उद्यानात वाहनांस मनाई’ या नियमाचे त्याचे उदाहरण सुपरिचित आहे. मोटार हे वाहन खरे. पण मुलाची खेळण्यातली गाडी? प्रत्येक सामान्य शब्दाला निश्चित अर्थाचा एक गाभा व त्याभोवती संदिग्धतेचा छायाप्रदेश असतो, आणि त्या छायाप्रदेशात निर्णय शब्द देत नाही, माणूस देतो. ‘जबाबदारीने’ या शब्दाची गंमत अशी की त्याचा गाभा अगदी लहान आणि छायाप्रदेश अफाट आहे. गाभ्यातील उदाहरण पाहावयाचे असल्यास ९ सप्टेंबर २०१८ रोजी मिसानो येथे मोटो-२ गटाच्या शर्यतीत घडलेले पाहावे. रोमानो फेनाती याने ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगात शेजारून जाणाऱ्या स्टेफानो मान्झी याच्या ब्रेकची मूठ हात लांबवून दाबली. मान्झी पडला नाही. तरीही फेनातीला काळे निशाण दाखवून बाहेर काढण्यात आले, दोन शर्यतींची बंदी घालण्यात आली, त्याच्या संघाने करार संपविला आणि महासंघाने उर्वरित हंगामासाठी त्याचा परवानाही निलंबित केला. कोणीही पडले नसता झालेली ही शिक्षा त्या काळातील सर्वांत कठोर शिक्षांपैकी एक होती. परिणाम शून्य, हेतू उघड. येथे कोणालाही शब्दार्थाची चर्चा करावीशी वाटली नाही.

छायाप्रदेशातील उदाहरणे मात्र विपुल आहेत. २००५ साली स्पेनमधील हेरेझच्या शेवटच्या वळणावर व्हॅलेंटिनो रॉसी आतून शिरला, सेते जिबर्नाऊ त्याला लागून मार्गाबाहेर गेला, रॉसी जिंकला, शिक्षा नाही. २०१३ साली त्याच वळणावर मार्क मार्केझने होर्हे लोरेन्झोला तसेच बाजूला सारले; शिक्षा नाही. ते वळण त्याच आठवड्यात लोरेन्झोच्या नावाने ओळखले जाऊ लागले होते हा योगायोग स्पॅनिश प्रेक्षक सहजासहजी विसरणार नाहीत. शर्यत संपल्यावर मार्केझने पुढे केलेला हात लोरेन्झोने घेतला नाही, नुसते बोट हलवून नकार दर्शविला. पंचांनी मौन पाळले असता स्वाराने आपल्यापुरता दिलेला तो निकालच होता.

या साऱ्याचा कळस २५ ऑक्टोबर २०१५ रोजी मलेशियातील सेपांग येथे झाला. त्या प्रकरणाचा तपशील पाहण्याजोगा आहे, कारण त्यात हेतू आणि कृती यांची ताटातूट झालेली दिसते. रॉसीचे वय तेव्हा छत्तीस होते, नऊ विश्वविजेतेपदे पदरी होती आणि दहाव्यासाठी तो आपलाच यामाहा-सहकारी लोरेन्झो याच्यापेक्षा ११ गुणांनी पुढे होता. आदल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे होंडाचा मार्केझ पहिला, लोरेन्झो दुसरा व रॉसी चौथा आला होता. सेपांगच्या शर्यतीपूर्वीच्या पत्रपरिषदेत रॉसीने त्या शर्यतीतील फेऱ्यांच्या वेळांचा आधार घेऊन जाहीर आरोप केला की मार्केझ स्वतःच्या विजयासाठी नव्हे तर लोरेन्झोच्या लाभासाठी आपल्याला अडवीत होता. मार्केझने तो आरोप नाकारला. एकदा असा आरोप उच्चारला गेल्यावर त्यानंतरची प्रत्येक हालचाल त्याच्या प्रकाशात वाचली जाणार हे उघड होते.

रविवारी दानी पेड्रोसा व लोरेन्झो पुढे निघून गेले आणि तिसऱ्या स्थानासाठी रॉसी व मार्केझ यांनी एकमेकांना वारंवार मागे टाकले. सातव्या फेरीत चौदाव्या वळणावर रॉसी आतून पुढे गेला, पण नेहमीच्या रेषेने वळण्याऐवजी वेग कमी करून बाहेर बाहेर जात राहिला व त्याने वळून मार्केझकडे पाहिले. मार्केझ आत वळू लागला, दोघे लागले, मार्केझ पडला. रॉसीने पायाने ढकलले की काय यावर पुढे कित्येक आठवडे वाद चालला. पण निर्णय त्यावर आधारलेला नव्हता. शर्यत-संचालक माइक वेब यांनी सांगितलेल्या निर्णयाचा आशय असा होता : रॉसीने हेतुतः रुंद वळण घेऊन प्रतिस्पर्ध्याला रेषेबाहेर नेले व त्यातून स्पर्श होऊन तो पडला, म्हणून तीन दंडगुण; मार्केझनेही रॉसीचा वेग बिघडविण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला असे मंडळाचे मत असले, तरी त्याने स्पर्श केला नाही व कोणताही नियम मोडला नाही, म्हणून त्याला दंड नाही.

या निर्णयाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. दोघांच्याही बाबतीत ‘मुद्दाम’ हा शब्द लागू केला आहे. पहिल्याच्या बाबतीत त्याला जोडून एक प्रयोजक क्रियापद आहे, दुसऱ्याच्या बाबतीत ते नाही. म्हणजे केवळ हेतू दंडनीय नाही. हेतूला कृतीची जोड लागते. तर्कदृष्ट्या हे निर्दोष आहे. परंतु रॉसीच्या असंख्य चाहत्यांना, आणि इटलीतील वृत्तपत्रांना, त्यातला दुसरा भाग म्हणजे आरोपाची कबुली वाटली. ज्याने डिवचले त्याचे डिवचणे मान्य, आणि शिक्षा मात्र डिवचल्या गेलेल्याला, असा त्यांनी अर्थ लावला. मंडळाने मार्केझच्या हेतूविषयी काहीच न बोलणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. नियमात ज्याला स्थान नाही त्याविषयी निर्णयपत्राने मत देणे ही भाषेची उधळपट्टी असते, आणि या प्रसंगी ती महाग पडली.

महाग कशी, ते आकडे सांगतात. २०१३ पासून लागू असलेल्या पद्धतीत चार दंडगुण झाले की पुढील शर्यत शेवटच्या स्थानावरून सुरू करावी लागे. रॉसीकडे त्याच वर्षी मिसानोच्या पात्रताफेरीतील एक दंडगुण आधीच होता. सेपांगला तो तिसरा व लोरेन्झो दुसरा आल्याने अंतर सात गुणांवर आले होते. क्रीडा लवाद न्यायालयाने दंडाला तात्पुरती स्थगिती देण्यास नकार दिला. ८ नोव्हेंबर रोजी व्हॅलेन्सिया येथे रॉसी सर्वांच्या मागून निघून चौथा आला, लोरेन्झो जिंकला, आणि विजेतेपद ३३० विरुद्ध ३२५ अशा पाच गुणांच्या फरकाने लोरेन्झोकडे गेले. डिसेंबरमध्ये रॉसीने आपले अपील मागे घेतले. त्याला दहावे विजेतेपद अखेरपर्यंत मिळाले नाही. २०२१ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. मार्केझशी त्याचे वैर शमले नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनात मार्केझने त्याला धडक देऊन पाडले, तेव्हा मार्केझला ३० सेकंदांचा दंड होऊन तो पाचव्यावरून अठराव्या स्थानी गेला. आणि त्याच वर्षी मिसानोच्या पत्रपरिषदेत मार्केझने पुढे केलेला हात रॉसीने घेतला नाही.

सेपांगनंतर नियमकर्त्यांनी दोन गोष्टी केल्या. २०१६ पासून वर्तनाचा निवाडा करण्यासाठी शर्यत-संचालनापासून वेगळे पंचमंडळ नेमले, आणि दंडगुणांची साठवण करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सोडून दिली. खरा बदल मात्र वेगळ्याच दिशेने झाला : जेथे म्हणून अर्थ लावण्याऐवजी मोजता येईल तेथे मोजावयाचे. अमेरिकेतील लगुना सेका येथे २००८ साली रॉसीने केसी स्टोनरला मागे टाकताना ‘कॉर्कस्क्रू’ नावाच्या उतरत्या वळणावर मार्ग सोडून मातीतून वाहन नेले होते, व २०१३ साली मार्केझने त्याच ठिकाणी रॉसीला तसेच मागे टाकले होते. दोन्ही वेळा प्रेक्षकांनी त्याला शौर्य म्हटले व पंचांनी काहीच म्हटले नाही. आता कडेबाहेरचा भाग हिरव्या रंगाने रंगविलेला असतो आणि शेवटच्या फेरीत चुरशीच्या वेळी त्यावर चाक गेले तर स्थान गमवावे लागते. २५ जून २०२३ रोजी आसेन येथे ब्रॅड बाइंडर तिसरा आला, पण याच कारणाने चौथा ठरला. त्याचा हेतू काय होता हे कोणी विचारलेही नाही. रंग हा शब्दापेक्षा कमी संदिग्ध आहे.

परंतु मोजमापाचा नियमही वर्तन घडवितोच, आणि कधी कधी विचित्र रीतीने. पुढील टायरमधील हवेचा दाब शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत १.८ बारच्या खाली जाता कामा नये, अन्यथा १६ सेकंदांचा दंड, असा नियम आहे. दुसऱ्याच्या मागे राहिल्यास टायर तापतो व दाब वाढतो. सर्वांच्या पुढे, थंड वाऱ्यात, तो कमी राहतो. २ मार्च २०२५ रोजी थायलंडमधील बुरिराम येथे आघाडीवर असलेल्या मार्केझने सातव्या फेरीत वेग कमी करून आपला भाऊ आलेक्स याला पुढे जाऊ दिले, बराच काळ त्याच्या मागे राहून दाब वाढविला, आणि शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असता पुन्हा पुढे जाऊन तो जिंकला. आघाडी मुद्दाम सोडणे ही कृती दहा वर्षांपूर्वी संशयाचा विषय झाली असती. येथे ती नियमपालन होती.

मोजमापाने वळणातील धडक मात्र सुटत नाही. तेथे शब्दच उरतो, आणि शब्दाच्या बाबतीत पंचमंडळाची २०२३ साली झालेली फजिती भाषाभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. २६ मार्च रोजी पोर्तुगालमधील पोर्तिमाओ येथे तिसऱ्या फेरीत मार्केझला वेळेवर वेग आवरता आला नाही. तो होर्हे मार्तिनला घासून मिगेल ऑलिव्हेरावर आदळला. हेतूचा प्रश्न नव्हता. त्याच्या हातून अपघात घडला होता व त्याने तत्काळ क्षमाही मागितली. पंचांनी दोन ‘लांब फेऱ्यां’चा दंड दिला. वळणाबाहेर आखलेल्या लांबच्या वाटेने दोनदा जाऊन काही सेकंद गमवावयाचे, असे या शिक्षेचे स्वरूप असते. निर्णयपत्रात लिहिले होते की हा दंड अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीमध्ये भोगावा. पण मार्केझच्या अंगठ्याचे हाड मोडले होते व तो अर्जेंटिनाला जाऊ शकला नाही. तेव्हा दोन दिवसांनी पंचांनी नवे पत्र काढले : दंड तो ज्या पुढील शर्यतीत भाग घेईल तीत भोगावा.

या दोन वाक्यखंडांतील भेद कीथ डॉनेलन याने १९६६ साली केलेल्या विवेचनाची आठवण करून देतो. एखादे वर्णन विशिष्ट वस्तूकडे बोट दाखविण्यासाठी वापरले जाते, किंवा त्या वर्णनात जे कोणी बसेल त्याच्याविषयी बोलण्यासाठी वापरले जाते. पंचांच्या मनात दुसरा अर्थ होता : ‘पुढची शर्यत’, मग ती कोणतीही असो. त्यांनी लिहिले मात्र विशेषनाम. आणि विशेषनाम एकाच घटनेकडे निर्देश करते. होंडा संघाने याच मुद्द्यावर अपील केले. स्वाराने टक्कर मारली हे त्यांनी नाकारले नाही; पहिल्या निर्णयात जे लिहिले गेले तेच अंतिम, नंतर त्याचा अर्थ बदलता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. महासंघाच्या अपील न्यायालयाने आधी स्थगिती दिली व मे महिन्यात दुसरे पत्र रद्द ठरविले. अर्जेंटिनाची शर्यत होऊन गेली होती, त्यामुळे पहिले पत्र अंमलात येणे शक्य नव्हते. मार्केझ फ्रान्समधील ले मां येथे परतला तो कोणताही दंड न भोगता. ऑलिव्हेरा मात्र त्या धडकेमुळे जखमी होऊन अर्जेंटिनाच्या शर्यतीला मुकला होता.

पुढल्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, त्याच पोर्तिमाओच्या पाचव्या वळणावर पाचव्या स्थानासाठी झुंजताना मार्केझ व रॉसीच्या प्रशिक्षणवर्गातून आलेला फ्रान्चेस्को बान्याया हे एकमेकांस लागले आणि दोघेही पडले. पंचांनी तो ‘शर्यतीतील प्रसंग’ ठरविला. कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापद अकर्मक.